ल्युकोव्होरिनचा डोस घड्याळावर कसा चालवायचा: केमोच्या पेशंटच्या घरच्यांसाठी

कॅन्सर रुग्णालयाच्या औषध खिडकीवर मी बरीच वर्षं काम केलं. तिथे एक प्रकार वारंवार पाहिला. फाइलवर लिहिलेलं असतं, 'ल्युकोव्होरिन १५ मि.ग्रॅ., दर सहा तासांनी.' पेशंटला सुट्टी मिळते, घरचे गावी जातात, गोळ्या कमी पडतात. गावातला मेडिकलवाला म्हणतो, "हे नाही आपल्याकडे, पण व्हिटॅमिनच आहे ते. फॉलिक ॲसिड घ्या, दोन्ही एकच." त्याच्या मनात खोट नसते. घरच्यांनाही वाटतं, जीवनसत्त्वाची तर गोळी, थोडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडलं? एका वडिलांनी मुलाला दीड दिवस फॉलिक ॲसिड दिलं होतं. मूल परत आलं तेव्हा त्याच्या तोंडात पाणी गिळता येईना इतके फोड होते.

ल्युकोव्होरिन, म्हणजेच फोलिनिक ॲसिड, हे फॉलेट गटातल्या जीवनसत्त्वाचं रूप आहे हे खरं. पण केमोच्या फाइलमध्ये त्याचं काम टॉनिकचं नसतं. हा लेख पेशंट सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे. डोस किती द्यायचा हे फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील. ठरलेला डोस चुकू न देता कसा द्यायचा, तेवढं इथे आहे.

टप्पा १: आपल्या फाइलमध्ये हे औषध कशासाठी आहे ते आधी शोधा

एकच औषध तीन वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलं जातं आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. सुरुवात इथून करा.

पहिलं कारण मेथोट्रेक्सेट. हाडांचा ऑस्टिओसार्कोमा, मुलांचा ल्युकेमिया, काही लिम्फोमा यांत मेथोट्रेक्सेट फार मोठ्या मात्रेत सलाईनमधून देतात. एवढी मात्रा कॅन्सरच्या पेशींबरोबर तोंडाचं अस्तर, आतडी आणि अस्थिमज्जा यांनाही मारते. ठरावीक तासांनंतर ल्युकोव्होरिन देऊन चांगल्या पेशींना वाचवतात. वॉर्डात याला 'रेस्क्यू' म्हणतात.

दुसरं कारण ५-एफयू, म्हणजे ५-फ्लुरोयुरॅसिल. मोठ्या आतड्याच्या आणि जठराच्या कॅन्सरमध्ये हे औषध देतात. इथे ल्युकोव्होरिन वाचवण्याचं काम करत नाही. ५-एफयू पेशीतल्या ज्या एन्झाइमला धरतं, ती पकड ते आणखी घट्ट करतं, म्हणजे केमोचा जोर वाढवतं. एका ठिकाणी ढाल आणि दुसऱ्या ठिकाणी धार, असा हा फरक आहे. 'हे औषध चालू आहे म्हणजे त्रास कमी होईल' असं ५-एफयूच्या पेशंटने समजू नये.

तिसरं कारण फॉलेटच्या कमतरतेने होणारा रक्तक्षय. याबद्दल टप्पा ८ मध्ये बोलू.

*तपासा: सुट्टीच्या कागदावर ल्युकोव्होरिनच्या वर किंवा खाली कोणतं औषध लिहिलं आहे? मेथोट्रेक्सेट असेल तर टप्पा २ ते ६ सावकाश वाचा. ५-एफयू असेल तर टप्पा २ वाचून थेट ७ वर या.*

टप्पा २: स्ट्रिपवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा

बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. तीन नावं सारखी वाटतात.

फॉलिक ॲसिड ही साधी, स्वस्त, ५ मि.ग्रॅ.ची गोळी. ती शरीरात कामाला लागण्याआधी एका एन्झाइमने तिचं रूप बदलावं लागतं आणि मेथोट्रेक्सेटने नेमकं तेच एन्झाइम बंद केलेलं असतं. म्हणजे कुलूपबंद दारासमोर माणूस उभा करण्यासारखं आहे. दहा गोळ्या दिल्या तरी ती आत जाणार नाही. शाळेत मुलींना मिळणाऱ्या निळ्या गोळीत आणि गरोदरपणी मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असतं. ल्युकोव्होरिनची जागा ती गोळीही घेऊ शकत नाही.

फोलिनिक ॲसिड, ल्युकोव्होरिन, कॅल्शियम ल्युकोव्होरिन, कॅल्शियम फोलिनेट ही सगळी एकाच औषधाची नावं. ते त्या बंद दाराला वळसा घालून आत जातं. फॉलिक आणि फोलिनिक यांत ऐकायला एका अक्षराचा फरक आहे, म्हणून फोनवर हे औषध कधीही मागवू नका. चिठ्ठीचा फोटो पाठवा. नावात कॅल्शियम दिसलं म्हणून ती हाडांची गोळी ठरत नाही आणि कॅल्शियमची कुठलीही गोळी तिच्या जागी चालत नाही.

लेव्होल्युकोव्होरिन हा तिसरा प्रकार. औषध तेच, पण त्यात फक्त उपयोगाचा अर्धा भाग ठेवलेला असतो, त्यामुळे मात्रा साधारण निम्मी लागते. एका सायकलला, म्हणजे केमोच्या एका फेरीला, एक आणि पुढच्याला दुसरं मिळालं तर आकडे वेगळे दिसतील. मिलिग्रॅमचे आकडे स्वतः जुळवायला जाऊ नका, कोणतं मिळालंय ते डॉक्टरांना सांगा.

*सावधान: "कंपनी वेगळी आहे, औषध तेच आहे" असं कुणी म्हटलं तर कंपनीचं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. तिथे 'फॉलिक' असेल तर स्ट्रिप परत करा.*

टप्पा ३: सुट्टी घेण्याआधी गोळ्या मोजून घ्या

मेथोट्रेक्सेटनंतर बऱ्याच रुग्णालयांत पेशंटला रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी (वॉर्डात हिला 'लेव्हल' म्हणतात) खाली येईपर्यंत ठेवूनच घेतात. पण खाटा कमी असतात, तेव्हा शेवटचे काही डोस घरी किंवा धर्मशाळेत द्यायला सांगतात. घरी जायचं ठरलं की वॉर्डातून निघण्याआधी ही तयारी करा.

गोळ्यांचा हिशेब असा: दर सहा तासांनी एक डोस म्हणजे दिवसाला ४ डोस. एका डोसला १५ मि.ग्रॅ.ची एक गोळी असेल तर तीन दिवसांना १२. उलटीत वाया जाणाऱ्या आणि लेव्हल न उतरल्यास वाढणाऱ्या डोससाठी आणखी किमान दोन दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या. तालुक्याच्या गावी हे औषध बहुतेक वेळा मिळत नाही, आणि रविवारी तर दुकानच बंद असतं. कॅन्सर रुग्णालयाच्या आसपासच्या मेडिकलमध्ये मिळतं, म्हणून तिथूनच घेऊन निघा.

दुसरी गोष्ट, एक वही. रकाने पाच: तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष दिलेली वेळ, उलटी झाली का, लघवी किती झाली. सुट्टीच्या घाईत सिस्टर तोंडी जे सांगतात ते बसस्टँडवर पोहोचेपर्यंत विसरायला होतं, म्हणून तिथेच त्यांच्यासमोर लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.

तिसरी गोष्ट, रात्री दोन वाजताही उचलला जाईल असा वॉर्डाचा फोन नंबर. फक्त ओपीडीचा नंबर असेल तर दुसरा मागून घ्या.

*तपासा: गोळ्या मोजल्या? पुढच्या लेव्हलची तारीख आणि तास कागदावर आहे? रात्रीचा नंबर लावून पाहिला?*

टप्पा ४: पहिला डोस कोणत्या तासाला, आणि त्याआधी का नाही

शेजारच्या खाटेवरच्या मुलाला चोवीस तासांनी गोळी सुरू झाली, आमच्या मुलीला अजून का नाही, असं विचारत नातेवाईक घाबरून जातात. कारण साधं आहे. ऑस्टिओसार्कोमाच्या उपचारात मेथोट्रेक्सेट साधारण चार तासांत देतात आणि सलाईन सुरू केल्यापासून २४ व्या तासाला ल्युकोव्होरिन सुरू होतं. मुलांच्या ल्युकेमियाच्या काही पद्धतींत मेथोट्रेक्सेट पूर्ण २४ तास चालतं आणि ल्युकोव्होरिन ४२ व्या तासाला सुरू होतं. दोन्ही बरोबर आहेत. तुलना करू नका. आपल्या पद्धतीत कितवा तास आहे, एवढंच विचारून वहीत लिहा.

तास मोजताना एक ठरलेली चूक होते. लोक सलाईन संपल्यापासून मोजतात. बहुतेक पद्धतींत ते सलाईन सुरू झाल्यापासून मोजतात. सोमवारी सकाळी दहाला बाटली लावली असेल तर २४ वा तास मंगळवारी सकाळी दहाला येतो, बाटली दुपारी दोनला संपली असली तरीही. म्हणून बाटली लागल्याची वेळ स्वतः घड्याळात बघून लिहून ठेवा.

लवकर दिलं तर चांगल्या पेशींबरोबर कॅन्सरच्या पेशीही वाचतात आणि केमो वाया जातं. उशिरा दिलं तर नुकसान होऊन गेलेलं असतं. साधारण ४२ ते ४८ तासांच्या पुढे गेल्यावर पेशींना परत आणणं कठीण होतं, मग कितीही मोठा डोस दिला तरी.

*सावधान: काही मुलांना पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देतात. ल्युकोव्होरिन मणक्यातून कधीच देत नाहीत, ते जीवघेणं ठरतं. दोन्ही इंजेक्शनं तुमच्याच हातात आणायला दिली असतील तर वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि सिस्टरच्या हातात नाव उच्चारून द्या.*

टप्पा ५: दर सहा तासांनी म्हणजे सकाळ-दुपार-रात्र नव्हे

आपल्याला औषधाच्या पाकिटावर १-१-१ वाचायची सवय आहे. चहानंतर एक, जेवणानंतर एक, झोपताना एक. ल्युकोव्होरिन त्या सवयीने दिलं की रात्री दहा ते सकाळी आठ अशी दहा तासांची पोकळी पडते, आणि रक्तात मेथोट्रेक्सेट शिल्लक असताना ती पोकळी महागात पडते. रुग्णालयात सुट्टीच्या दिवसापर्यंत डोस वेळेवर होतात, घरी आल्यावर पहिल्याच रात्री चुकतो. "इतका थकून झोपला होता, उठवावंसं वाटलं नाही." हे वाक्य मी आयांच्या तोंडून कितीदा ऐकलं आहे. त्यांची माया समजते, पण उठवा. गोळी द्या, दोन घोट पाणी द्या, परत झोपू द्या.

वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२. पहिला डोस दहाला सुरू झाला असेल तर १०, ४, १०, ४ अशाच वेळा चालू ठेवा. सोयीसाठी पुढेमागे करायच्या असतील तर सिस्टरना विचारून करा. अलार्म दोन फोनवर लावा. दादर-परळकडच्या धर्मशाळांत एका खोलीत चार-पाच कुटुंबं झोपतात. तिथे अलार्मचा आवाज होऊ नये म्हणून लोक तो बंद करतात आणि डोस जातो. फोन थरथरण्यावर ठेवा आणि उशीखाली घ्या.

गोळी पाण्याबरोबर द्या. जेवणाआधी की नंतर, याची चिंता नको. लहान मुलाला गिळता येत नसेल तर सुट्टीआधीच विचारून घ्या, घरी अंदाजाने भुकटी करू नका.

आता उलटी. मेथोट्रेक्सेटनंतर मळमळ असतेच. डोस दिल्यावर उलटी झाली तर वेळ लिहा, उलटीत गोळी दिसते का पाहा आणि लगेच वॉर्डाला फोन करा. पुन्हा गोळी द्यायची की इंजेक्शनसाठी यायचं हे ते सांगतील. लागोपाठ दोन डोस उलटून पडले तर फोनची वाट पाहत बसू नका, निघा. पोटात काही टिकत नसेल तर हे औषध शिरेतूनच द्यावं लागतं.

डोस विसरला तर? आठवल्याबरोबर फोन करा. पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम देऊन भरपाई करू नका. या गोळीचा एक स्वभाव लक्षात ठेवा. २५ मि.ग्रॅ.पर्यंत ती जवळजवळ पूर्ण शोषली जाते, ५० मि.ग्रॅ. एकदम घेतली तर साधारण तीन चतुर्थांश आणि १०० मि.ग्रॅ. घेतली तर जेमतेम ३७ टक्के. म्हणजे तोंडाने जास्त दिलं म्हणून शरीरात तेवढं जास्त पोहोचत नाही. मोठा डोस लागला की डॉक्टर इंजेक्शनवर का जातात, ते यावरून कळेल.

*तपासा, रोज रात्री: आज वहीत चार खुणा आहेत का? स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्यांशी त्या जुळतात का? जुळत नसतील तर सकाळपर्यंत थांबू नका.*

टप्पा ६: पाणी, लघवी, लेव्हल

ल्युकोव्होरिन मेथोट्रेक्सेटला शरीराबाहेर काढत नाही. ते काम मूत्रपिंडाचं. ल्युकोव्होरिन फक्त तोवर पेशींना धरून ठेवतं. म्हणून गोळी वेळेवर आणि पाणी कमी, असं झालं तर अर्धंच काम होतं.

मेथोट्रेक्सेट आम्ल लघवीत विरघळत नाही, त्याचे कण मूत्रपिंडात अडकतात. लघवीचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी लघवी आम्ल) ७ किंवा त्याहून वर ठेवायचा असतो, त्यासाठी वॉर्डात सोडिअम बायकार्बोनेट देतात आणि पट्टीने तपासतात. घरी गोळ्या दिल्या असतील तर त्याच द्या. स्वयंपाकघरातला खायचा सोडा चमच्याने मोजून देऊ नका, त्यातून सोडिअम किती गेलं ते कुणालाच कळत नाही. कोला पूर्ण बंद. 'क' जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्याही बंद, दोन्हींमुळे लघवी आम्ल होते. पाणी किती प्यायचं तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पेशंटची बाटली वेगळी ठेवा, म्हणजे किती गेलं ते दिसतं. नारळपाणी चालेल का, हे क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून ते सांगतील. मूत्रपिंड मंदावलं असेल तर त्यातलं पोटॅशियम त्रासदायक ठरतं.

या दिवसांत घरातल्या डब्यातली कुठलीही गोळी पेशंटला द्यायची नाही. मुख्य धोक्याच्या अशा:

अंगदुखी-तापाच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन. कॉम्बिफ्लामसारख्या मिश्र गोळीतही आयबुप्रोफेन असतं. या मेथोट्रेक्सेटला मूत्रपिंडात अडवतात.

गॅसच्या गोळ्या, म्हणजे पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल. लोक यांना औषध मानतच नाहीत. "रोजची पॅन-डी तर घेतली" असं सहज सांगतात. याही मेथोट्रेक्सेटचा निचरा लांबवू शकतात.

काही अँटिबायोटिक, त्यात को-ट्रायमॉक्साझोल आणि पेनिसिलिन गटातलं ॲमॉक्सिसिलिन. दुखऱ्या दाढेसाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलं तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

फिटच्या गोळ्यांचं मात्र उलटं. त्या बंद करू नका, पण पेशंट फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन घेतो हे सुरुवातीलाच सांगा. ल्युकोव्होरिनच्या मोठ्या मात्रेने त्यांचा असर कमी होऊन झटके येऊ शकतात.

आणि ताप आला तर स्वतः पॅरासिटामॉल देऊन गप्प बसू नका. केमोनंतरचा ताप हे रुग्णालय गाठायचं कारण आहे, तो दडपायचा नसतो.

आता लेव्हल. रक्तातलं मेथोट्रेक्सेट किती उरलं हे २४, ४८, ७२ अशा ठरलेल्या तासांना पाहतात. ऑस्टिओसार्कोमाच्या पद्धतीत साधारण अपेक्षा अशी असते: २४ तासांना १० मायक्रोमोलरच्या (हे लेव्हल मोजायचं माप) आसपास, ४८ तासांना १, आणि ७२ तासांना ०.२ च्या खाली. यापेक्षा बराच जास्त आकडा आला किंवा क्रिएटिनिन दुप्पट झालं, तर ल्युकोव्होरिनचा डोस कित्येक पटींनी वाढवतात आणि सहाऐवजी तीन तासांनी देतात. पोटात किंवा फुप्फुसाभोवती पाणी साठलेल्या पेशंटमध्ये मेथोट्रेक्सेट त्या पाण्यात मुरतं आणि हळूहळू परत रक्तात येत राहतं. असं पाणी असेल तर केमोआधीच सांगा.

रक्त ठरलेल्या तासालाच द्या आणि सुई टोचल्याची वेळ लिहून घ्या. तीन तास उशिरा घेतलेल्या रक्ताचा आकडा चांगला दिसतो आणि फसवतो. रिपोर्ट फोनवर वाचून सांगू नका, फोटो पाठवा. ०.५ आणि ०.०५ यांतलं एक शून्य ऐकताना गळलं की निर्णय उलटा होतो.

थांबायचं कधी? आकडा ठरलेल्या रेषेखाली आला आणि डॉक्टरांनी "बंद करा" म्हटलं की. ही रेषा बऱ्याच ठिकाणी ०.०५ असते, मुलांच्या काही पद्धतींत ०.२५. ठरलेले डोस संपले पण लेव्हल उतरली नाही, तर औषध पुढे चालूच राहतं. पेशंट जेवायला लागला, हसायला लागला, म्हणून बंद करू नका. तोंडातले फोड आणि पांढऱ्या पेशींची घसरण काही दिवसांनी दिसते, तोवर बाहेरून सगळं ठीकच वाटतं.

*सावधान: लघवी एकदम कमी झाली, तोंड सोलवटलं, अंगावर चट्टे उठले, जुलाब लागले किंवा पेशंट गुंगीत बोलू लागला, तर पुढच्या डोसची वेळ पाहू नका. वही आणि स्ट्रिप घेऊन निघा.*

टप्पा ७: ५-एफयूबरोबर असेल तर

इथे डोस घरी द्यायचा नसतो. डे केअरमध्ये शिरेतून ल्युकोव्होरिन साधारण दोन तास चालतं, त्यानंतर ५-एफयूचं इंजेक्शन आणि मग कमरेला लावलेल्या पंपातून पुढचे ४६ तास ५-एफयू. ल्युकोव्होरिन आधी आणि ५-एफयू नंतर हा क्रम आहे. दोन्ही एका पिशवीत मिसळत नाहीत, साका धरतो.

नातेवाइकांचं काम घरी आल्यावर सुरू होतं, आणि ते जुलाब मोजण्याचं आहे. ल्युकोव्होरिनमुळे ५-एफयूचा जोर वाढलेला असतो, तो आतड्यांवर आधी दिसतो. वयस्कर माणसांत जुलाबाने शरीर कोरडं पडून मृत्यू झालेले आहेत, म्हणून "केमोत होतंच असं" म्हणत दोन दिवस काढू नका. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त शौचाला झालं, किंवा रात्री उठून जावं लागलं, की फोन करा. जुलाब आणि तोंडातले फोड पूर्ण थांबल्याशिवाय पुढची सायकल लावत नाहीत. तारीख पुढे जाईल या भीतीने लोक डॉक्टरांपासून त्रास लपवतात. तसं करू नका, लपवलेल्या जुलाबावर लावलेली सायकल जिवावर बेतते. पहिल्याच सायकलला असा तीव्र त्रास झाला तर ते नक्की सांगा. काही लोकांच्या शरीरात ५-एफयू मोडणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं.

बर्फाबद्दल उलटसुलट सांगितलं जातं. ५-एफयूचं झटपट इंजेक्शन देताना अर्धा तास बर्फ चघळल्याने तोंडातले फोड कमी होतात. पण त्याच दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नको, गार पाणीसुद्धा नको. त्या औषधाने गारव्याला घशात आवळल्यासारखं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. आपल्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन आहे का, हे आधी विचारा.

शक्ती येण्यासाठी म्हणून फॉलिक ॲसिड असलेली मल्टिव्हिटॅमिन गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. ५-एफयू असो की त्याची कॅपेसिटाबिन नावाची गोळी असो, वरून फॉलेटची गोळी पडली की त्रास वाढतो. जेवणातली मेथी, पालक, शेवग्याचा पाला यांना हरकत नाही.

टप्पा ८: रक्त कमी आहे म्हणून लिहिलं असेल तर

आधी एक प्रश्न विचारा: बी-१२ तपासलं का?

आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असण्याचं सर्वांत नेहमीचं कारण लोहाची कमतरता. तिच्यावर ल्युकोव्होरिनचा काही उपयोग नाही. ते चालतं फक्त फॉलेट कमी असल्याने होणाऱ्या मेगॅलोब्लास्टिक रक्तक्षयात, जिथे लाल पेशी आकाराने मोठ्या होतात. तिथेही बहुतेकांना साधं फॉलिक ॲसिड पुरतं. ल्युकोव्होरिन लिहिलंच तर मात्रा दिवसाला १ मि.ग्रॅ.च्या आसपास असते, रेस्क्यूच्या डोसशी तिचा संबंध नाही.

अडचण अशी की बी-१२ कमी असलं तरी लाल पेशी अशाच मोठ्या दिसतात. तेव्हा नुसतं फॉलेट दिलं की हिमोग्लोबिन वाढतं, चेहऱ्यावर तेज येतं, घरचे निश्चिंत होतात, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा मागाहून वाढतो आणि पूर्ण भरून येईलच असं नाही. पूर्ण शाकाहारी माणसं, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, रोज गॅसची गोळी खाणारे आणि जठर काढलेले पेशंट यांनी हे जास्त सांभाळावं.

क्रम असा ठेवा: आधी रक्त द्या, त्यात बी-१२, फॉलेट आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहा, मग औषध सुरू करा. गोळी सुरू करून मग तपासणीला गेलात तर चित्र पुसट होतं. दोन्ही कमी निघाले तर बी-१२ आधी किंवा बरोबरच द्यावं लागतं.

नंदुरबार, गडचिरोलीकडच्या सिकलसेलच्या पेशंटना जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते ती त्यांच्यासाठी योग्य आहे. ती सोडून ल्युकोव्होरिन मागायची गरज नाही.

टप्पा ९: आठवड्याची गोळी रोज घेतली गेली तर

संधिवात आणि सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटची छोटी गोळी आठवड्यातून एकदा देतात. ती चुकून रोज घेतली जाते, विशेषतः म्हातारी माणसं स्वतः गोळ्या काढून घेतात तेव्हा. चार-सहा दिवसांत तोंडात फोड येतात, घरचे उष्णता समजून गुलकंद देतात.

असं लक्षात आलं तर मेथोट्रेक्सेट तिथेच थांबवा. उरलेली स्ट्रिप, किती दिवस घेतली त्याचा हिशेब आणि शेवटच्या गोळीची वेळ घेऊन त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन पाहतात आणि लेव्हलचा रिपोर्ट येण्याची वाट न पाहता ल्युकोव्होरिन सुरू करतात. आठवड्यातून दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी इथे पुरत नाही, तिचा डोस वाढवून घरी थांबू नका.

हे टाळायचं तर वार ठरवा, स्ट्रिपवर पेनाने तो वार मोठ्या अक्षरात लिहा, आणि ही स्ट्रिप रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारा.

टप्पा १०: उरलेल्या गोळ्या आणि पुढची सायकल

जास्तीच्या घेतलेल्या गोळ्या उरतात. त्या उजेडापासून आणि ओलाव्यापासून दूर, मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, खिडकीत किंवा गॅसजवळच्या फडताळात नकोत. घरातल्या दुसऱ्या कुणाचं रक्त कमी आहे म्हणून त्याला देऊ नका. पुढच्या सायकलला जाताना वही, उरलेल्या गोळ्या आणि मागच्या लेव्हलचे रिपोर्ट एकाच पिशवीत घाला. भरती होताना डॉक्टरांना वही उघडून मागच्या वेळी कोणत्या तासाला लेव्हल उतरली ते दाखवा. या वेळी किती दिवस थांबावं लागेल आणि किती गोळ्या लागतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मुदत संपलेली स्ट्रिप असेल तर ती औषध खिडकीवर देऊन नव्या गोळ्या मोजून घ्या.